हृदयाची झडप, रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि तालमीची माती



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा, पाचट, हुमणी यांवर लिहितो. या अंकातला विषय वेगळा आहे, पण तो आमच्याकडे आला तो गट ऑफिसातूनच.

आडसाली उसाच्या नोंदी चालू असताना एक सभासद आपल्या मुलाला घेऊन आले. नोंदीची स्लिप हातात मिळाली तरी जाईनात. गर्दी पांगल्यावर म्हणाले, "साहेब, पोराच्या हृदयाची झडप बदललीया. आठ महिने झाले. आता गडी ठणठणीत हाय. येत्या जत्रंला कुस्ती धरायची म्हणतोय. रक्त पातळ व्हायची गोळी चालू हाय, ती चार दिवस बंद ठिवली तर चालंल का? तुमचंबी ऑपरेशन झालंय, तुम्हास्नी ठावं असंल."

मुलगा बाविशीचा. अंगापिंडाने मजबूत, एक कान मोडलेला. खाली मान घालून उभा होता. आम्ही त्यांना तेव्हा एवढेच सांगितले की गोळी एक दिवसही बंद करू नका, बाकीचे सविस्तर सांगू. ते सविस्तर सांगणे म्हणजे हा लेख. आपल्या भागात घरटी एखादा तरी तालमीत गेलेला असतो, त्यामुळे हा प्रश्न एका घरापुरता नाही असे वाटले, म्हणून सर्वांसाठी लिहिले.

पुष्कळ सभासदांना ठाऊक आहे की २०१९ साली आमच्या हृदयाची झडप बदलली. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, तो अंगावर काढला. पुढे कृषी पदविकेला असताना तालमीत घुमलो, नोकरी लागल्यावर गावच्या मर्दानी खेळाच्या पथकात लाठी आणि दांडपट्टा फिरवला. चाळिशी जवळ आली आणि साधा बांध चढताना धाप लागू लागली, तेव्हा ते लहानपणचे दुखणे बाहेर पडले. आम्ही डॉक्टर नाही. ऊस हा आमचा विषय. पण ही गोळी आम्ही रोज घेतो, एक मोठी चूकही करून बसलो आहोत, आणि डॉक्टरांना वारंवार विचारून जे समजले ते इथे देतो.

झडप म्हणजे फूटव्हॉल्व्हच

विहिरीवरच्या किंवा नदीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह गळायला लागला की काय होते हे आपणास सांगायला नको. मोटार फिरते, पण पाणी मागे जाते. हृदयाचे तसेच आहे. हृदय हा पंप, आणि त्यात चार झडपा. रक्ताला पुढे जाऊ द्यायचे, मागे येऊ द्यायचे नाही, एवढेच त्यांचे काम. हा पंप मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतो, म्हणजे दिवसाला सुमारे ७ हजार लिटर. झडपेची उघडझाप दिवसाला एक लाखाच्या घरात होते.

या चारपैकी दोन झडपा जास्त करून बिघडतात. एक मायट्रल, जी फुप्फुसांतून आलेले शुद्ध रक्त हृदयाच्या मुख्य कप्प्यात सोडते. आणि दुसरी एओर्टिक, जी ते रक्त तिथून सर्व अंगाला सोडते. झडप आखडली तर रक्त पुढे जाताना अडते, सैल झाली तर मागे गळते. दोन्ही प्रकारांत माणसाला धाप लागते, पाय सुजतात, दम टिकत नाही. दुरुस्त होण्यासारखी असेल तर दुरुस्त करतात, नाही तर बदलतात.

बदलायच्या झडपा दोन तऱ्हेच्या. एक यांत्रिक. आपल्याकडे लोक तिला 'मेटलची झडप' म्हणतात, पण तिच्या पाळ्या बहुतेक वेळा एका खास प्रकारच्या कठीण कार्बनच्या असतात. भारतातही अशी झडप तयार होते. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने बनवलेली झडप १९९० साली पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. यांत्रिक झडप झिजत नाही म्हटले तरी चालेल, पण तिच्यासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. दुसरी झडप जनावराच्या ऊतीपासून केलेली. तिला ती गोळी बहुधा सुरुवातीचे काही महिनेच लागते, पण ती झडप साधारण दहा-पंधरा वर्षांत खराब होते, आणि तरुण माणसात तर त्याहून लवकर. म्हणजे पुन्हा ऑपरेशन. म्हणून ज्याचे ऑपरेशन व्हायचे आहे आणि ज्याचा कुस्ती हाच जीव आहे, त्याने ही गोष्ट टेबलावर जाण्याआधी सर्जनशी बोलावी. झडप बसल्यावर हा विचार करून उपयोग नसतो. आमची झडप यांत्रिक आहे, त्या मुलाचीही यांत्रिकच. रात्री सगळीकडे सामसूम झाली की छातीतली टिकटिक आम्हाला ऐकू येते.

गोळीचा जन्म गोठ्यातला

या गोळीची हकिकत शेतकऱ्याने ऐकण्यासारखी आहे. १९२० नंतरच्या काळात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात जनावरे विचित्र रीतीने मरू लागली. शिंग कापले, खच्ची केले, तर रक्त थांबेना. काही तर बाहेर जखम नसताना आतल्या आत रक्तस्राव होऊन गेली. स्कोफील्ड नावाच्या पशुवैद्याने शोधले की स्वीट क्लोव्हर नावाच्या द्विदल चाऱ्याचे वाळवण ओलसर राहून त्याला बुरशी धरली की तो चारा जनावराला मारतो. पुढे १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी बर्फाच्या वादळात मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताचे भांडे आणि तो खराब चारा गाडीत घालून विद्यापीठात घेऊन आला. तिथल्या कार्ल लिंक या शास्त्रज्ञाच्या हाताखालच्या मंडळींनी काही वर्षे खपून त्या चाऱ्यातले द्रव्य वेगळे काढले. त्याच घराण्यातले वॉरफरीन हे औषध १९४८ साली उंदीर मारण्यासाठी बाजारात आले, आणि १९५४ साली माणसासाठी मान्य झाले. १९५५ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, त्यानंतर त्यांनाही तेच औषध दिले होते. आपल्याकडे वॉरफरीन आणि त्याचेच भावंड असलेले असिनोकौमॅरॉल, ज्याला बरेचजण एसिट्रॉम या नावाने ओळखतात, ही दोन औषधे चालतात.

आपण उसाच्या बांधावर उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोनचे आमिष ठेवतो, ते याच घराण्यातले, पण कितीतरी जहाल आणि अंगात फार दिवस राहणारे. म्हणून ते पोराबाळांच्या, कुत्र्या-मांजरांच्या हाती लागू देऊ नका. चुकून कोणी खाल्ले तर पुडा बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा. यावर 'के' जीवनसत्त्वाचा उतारा आहे.

ही गोष्ट सांगायचे कारण एवढेच की जे द्रव्य जास्त झाले तर उंदीर मरतो, तेच मोजून दिले तर माणूस जगतो. सगळी भिस्त मोजण्यावर आहे.

रक्त पातळ होते म्हणजे काय

रक्त काही पाण्यासारखे पातळ होत नाही. ते गोठायला जास्त वेळ लागतो, एवढाच फरक पडतो. रक्त गोठायला लागणारे काही घटक यकृत 'के' जीवनसत्त्वाच्या मदतीने तयार करते. गोळी त्या कामात आडवी येते.

ही गोळी का लागते? यांत्रिक झडप ही शरीराला परकी वस्तू. तिच्या बिजागरीपाशी रक्त जरा रेंगाळले की गुठळी धरते. ती गुठळी झडपेत अडकली तर झडप जाम होते. सुटून मेंदूत गेली तर लकवा. पायात गेली तर पाय काळा पडतो. ठिबकच्या नळीत क्षार साठून ड्रिपर बंद पडावा तसे, फरक एवढाच की ड्रिपर बदलता येतो.

गोळीचा परिणाम आय.एन.आर. नावाच्या रक्ततपासणीने मोजतात. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा हा आकडा १ च्या आसपास असतो. यांत्रिक एओर्टिक झडप असलेल्याला तो साधारण २ ते ३ आणि यांत्रिक मायट्रल झडपेवाल्याला २.५ ते ३.५ ठेवतात. नेमका आकडा ज्याचा त्याचा डॉक्टर ठरवतो. त्याच्या खाली गेला तर गुठळीचे भय, वर गेला तर रक्तस्रावाचे. माती परीक्षण केल्याशिवाय खत टाकू नका असे आम्ही गावोगाव सांगत फिरतो. आय.एन.आर. म्हणजे रक्ताचे माती परीक्षणच. आकडा स्थिर असला तरी डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नये.

काहीजण विचारतात, तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या आल्या आहेत, त्या का घेऊ नयेत? इतर दुखण्यांत त्या चालतात, पण यांत्रिक झडपेला चालत नाहीत. त्यातल्या डॅबिगॅट्रान या औषधाचा यांत्रिक झडपेच्या रुग्णांवर अभ्यास झाला, तेव्हा गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही जास्त झाला. तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला. त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा कोणाच्या सांगण्यावरून गोळी बदलू नका.

कुस्तीत धोका नेमका कुठे

आपल्या मातीत कुस्ती मुरलेली आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागेचे मैदान उभे केले, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणले. त्यामुळे 'कुस्ती सोड' हे वाक्य आपल्याकडे कोणाला सांगणे सोपे नाही, आणि ऐकणे त्याहून अवघड.

पुष्कळांचा समज असा की गोळी घेणाऱ्याला खरचटले तर रक्ताची धार लागते. तसे नसते. किरकोळ काप दहा-पंधरा मिनिटे घट्ट दाबून धरला तर थांबतो. उसाच्या पात्याचे काप आम्हालाही रोजच बसतात. खरा धोका न दिसणाऱ्या रक्तस्रावाचा. कुस्तीत गडी खाली आपटला, डोक्याला धक्का बसला, मान झटक्यात फिरली, तर कवटीच्या आत मेंदूवरच्या बारीक शिरा ताणून तुटू शकतात. साध्या माणसात अशी शीर लवकर बंद होते. गोळीवाल्यात ती झिरपत राहते. गडी उठतो, अंगावरची माती झटकतो, घरी जाऊन जेवतो. डोके दुखायला लागते ते रात्री, कधी दोन दिवसांनी, कधी तर काही आठवड्यांनी. तोवर कोणाला कुस्ती आठवतही नाही. पोटात प्लीहेला मार, मांडीच्या स्नायूत रक्त साठणे, सांध्यात रक्त उतरणे, ही त्याचीच दुसरी रूपे.

म्हणून अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१५ साली आणि युरोपातल्या संघटनेने २०२० साली खेळाडूंसाठी जे मार्गदर्शन दिले, त्यात रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल तर अंगाला अंग भिडणारे आणि मार बसणारे खेळ टाळावेत असेच सांगितले आहे. आपल्याकडे याचा अर्थ कुस्ती, कबड्डी, बॉक्सिंग, ज्यूदो, कराटेची प्रत्यक्ष झुंज आणि लाठीची समोरासमोरची लढत.

गोळी बंद ठेवून कुस्ती धरली तर?

इथे आम्हाला आमची चूक सांगितली पाहिजे. २०२३ च्या शिवजयंतीला पथकाची मिरवणूक होती. लाठीच्या लढतीला गडी कमी पडत होता. आम्ही मनाशी हिशेब केला, चार दिवस गोळी न घेता उभे राहू, लाठी लागली तरी रक्त साकळणार नाही, आणि रात्रीपासून गोळी पुन्हा सुरू करू. घरी सांगितले नाही. पुडीतली गोळी रोज खिशात टाकायचो.

लढत झाली. लाठी लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गट ऑफिसात तोडणी प्रोग्रॅम लिहीत बसलो होतो. पेन हातातून सुटले. उचलायला गेलो तर बोटे मिटेनात. शेजारच्या चिटबॉयला हाक मारायला गेलो तर जीभ जड. पंधरा-वीस मिनिटांत सगळे पूर्ववत झाले, पण त्या पोराने आमचे ऐकले नाही, जीप काढून सरळ दवाखान्यात नेले. आय.एन.आर. निघाला १.४. डॉक्टर म्हणाले, मेंदूकडे छोटी गुठळी जाऊन विरघळली, नशीब समजा. खिशातल्या चार गोळ्या आमच्या सौभाग्यवतींनी टेबलावर मांडल्या, आणि एक शब्द बोलल्या नाहीत.

आमचा हिशेब चुकला कुठे, हे नंतर समजले. ही गोळी बटन दाबावे तशी चालू-बंद होत नाही. बंद केली की परिणाम उतरायला काही दिवस लागतात, आणि पुन्हा सुरू केली की आकडा जागेवर यायला पुन्हा चार-पाच दिवस किंवा जास्त. म्हणजे एका दिवसाच्या खेळासाठी झडप आठ-दहा दिवस उघडी पडते. शिवाय दुसरी गोष्ट. कुस्तीत आत काही फाटले असेल, तर ते भरून यायच्या आत आपण पुन्हा गोळी सुरू करतो. म्हणजे गुठळीचा धोकाही घेतला आणि रक्तस्रावाचाही टळला नाही. ऑपरेशनसाठी किंवा दात काढण्यासाठी कधी गोळी थांबवावी लागते, पण ते डॉक्टर ठरवतात, गरज असेल तर मधल्या दिवसांत इंजेक्शने देतात. जत्रेच्या कुस्तीसाठी कोणी डॉक्टर तसे करणार नाही.

त्या सभासदांच्या प्रश्नाला उत्तर हे आहे. गोळी खेळाप्रमाणे बदलायची नाही. खेळ गोळीप्रमाणे बदलायचा.

मग तालमीत करायचे काय

तालीम सोडायची नाही. झडप नीट चालत असेल, इकोमध्ये हृदयाची ताकद चांगली असेल आणि डॉक्टरांनी व्यायामाची चाचणी घेऊन हिरवा झेंडा दाखवला असेल, तर मेहनत करावीच. बसून राहिलेले हृदय काही बळकट होत नाही.

पहिले तीन महिने छातीच्या हाडाचे. ऑपरेशनला ते हाड मधोमध कापतात आणि तारेने बांधतात. ते सांधायला सहा ते आठ आठवडे तरी लागतात. या काळात चालणे एवढाच व्यायाम. खताचे पोते, पाण्याची घागर, मोटारसायकलला किक, काही नाही. जोर तर मुळीच नाहीत.

त्यानंतर डॉक्टरांच्या परवानगीने हळूहळू चढत जावे. आम्ही चालण्यापासून सुरुवात केली, मग हलक्या बैठका, मग सूर्यनमस्कार, आणि सहा महिन्यांनी थोडे जोर. नियम एकच, श्वास कोंडायचा नाही. दम कोंडून वजन रेटले की रक्तदाब एकदम चढतो. मेहनत करताना दोन वाक्ये बोलता आली पाहिजेत. बोलता येत नसेल तर थांबावे. शीर्षासन, मल्लखांब, दोर चढणे यांत पडण्याचे भय आहे, ते वर्ज्य.

मर्दानी खेळातले पुष्कळ काही एकट्याने करता येते. मोकळ्या जागेत हलकी लाठी फिरवणे, पवित्रे, पदन्यास, हे आम्ही आज रोज पहाटे करतो. पट्टा फिरवायचा तर धार नसलेला. हातावर लिंबू ठेवून कापण्याचे प्रयोग दुसऱ्यांनी करावेत. कराटे शिकणाऱ्या मुलांना काता करायला हरकत नाही, झुंज नाही. कुस्तीगीराने जोड न लावता मेहनत करावी, डाव पोकळीत घोटावा आणि पोरांना शिकवावे. 'हलकीच धरू, जोर करणार नाही' यावर विश्वास ठेवू नये. मातीत उतरल्यावर पैलवानाचे मन हलके राहत नाही, हे आपण सगळेच जाणतो.

मातीतला दुसरा धोका

रक्तस्रावाइतकीच एक गोष्ट तालमीत विसरली जाते. बसवलेल्या झडपेला जंतू लवकर चिकटतात. अंगावरचे गळू, चिघळलेले खरचटणे, किडलेला दात, यांतून जंतू रक्तात गेले की ते झडपेवर घर करतात. तो ताप जिवावरचा असतो. तालमीच्या मातीत आपण हळद, ताक, तेल घालतो खरे, पण त्याने सगळे जंतू मरतात असे नाही. जखम असताना मातीत बसू नये. मेहनतीनंतर साबणाने अंघोळ करावी, दुसऱ्याचा लंगोट-टॉवेल वापरू नये. सुजलेल्या कानातले रक्त सुईने काढण्याचा तालमीतला उपाय तर कधीच करू नये. दाताचे काम करण्याआधी झडपेची गोष्ट सांगावी, डॉक्टर आधी प्रतिजैविक देतात. ताप दोन-तीन दिवस उतरला नाही तर गावातल्या गोळीवर भागवू नये, हृदयाच्या डॉक्टरांकडे जावे.

कायम लक्षात ठेवायच्या गोष्टी

१. गोळीची वेळ ठरलेली असावी. विसरली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यावी. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

२. अंग दुखते म्हणून दुकानातून दुखण्याची गोळी आणू नये. अॅस्पिरिन, ब्रुफेन, डायक्लोफिनॅक यांनी या गोळीबरोबर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. कमरेत इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना गोळीचे सांगावे.

३. काही प्रतिजैविके, क्षयाची औषधे, काढे आणि पैलवानी चूर्णे आय.एन.आर. वरखाली करतात. कोणतेही नवे औषध सुरू झाले की आठवड्याच्या आत तपासणी करून घ्यावी.

४. मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर यांत 'के' जीवनसत्त्व भरपूर असते. ते सोडायचे नाही, पण प्रमाण रोजचे सारखे ठेवायचे. आठवडाभर काही नाही आणि रविवारी परातभर पालेभाजी, असे नको. दारू नकोच.

५. डोक्याला मार बसला, मग तो लाठीचा असो, मोटारसायकलवरून पडल्याचा असो की उसाच्या ट्रॉलीवरून, बरे वाटत असले तरी लगेच मोठा दवाखाना गाठावा आणि 'रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे' हे पहिले वाक्य बोलावे.

६. काळी शी, लाल लघवी, न थांबणारा घोळणा, वाढती डोकेदुखी, उलट्या. अथवा हात-पाय जड, तोंड वाकडे, बोलणे अडखळणे, एकाएकी धाप, झडपेची टिकटिक एकदम मंद होणे. यांपैकी काहीही झाले तर वाट पाहू नये.

७. खिशात एक चिठ्ठी असावी. झडप कोणती, गोळी कोणती, शेवटचा आय.एन.आर. किती आणि घरचा फोन. आमची आमच्या ओळखपत्राच्या मागे आहे. तालमीच्या वस्तादांनाही हे माहीत असावे.

पोरांचा घसा सांभाळा

शेवटी एक विनंती. आमचे आणि त्या मुलाचे, दोघांचेही दुखणे लहानपणीच्या एकाच तापातून आले. पाच ते पंधरा वर्षांच्या पोराचा घसा विशिष्ट जंतूंनी धरतो, त्यावर नीट औषध झाले नाही तर दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, आज गुडघा, उद्या घोटा, परवा मनगट असे सांधे सुजतात. सांधे बरे होतात, पण हृदयाची झडप कायमची दुखावते. असे झालेल्या मुलाला डॉक्टर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे देतात. पोर खेळते आहे, बरे दिसते आहे, म्हणून ते मध्येच सोडू नका. तोडणीला आलेल्या मजुरांची पोरे गाव बदलली की इंजेक्शन चुकवतात. आपल्या फडावर असे पोर दिसले तर गट ऑफिसला कळवा. जवळच्या आरोग्य केंद्रात पोचवायची व्यवस्था आम्ही पाहू.

ते सभासद आणि त्यांचा मुलगा परवा पुन्हा आले होते. मुलाला आम्ही तेवढेच सांगितले जे वर लिहिले आहे. आमच्या खिशातल्या चार गोळ्यांची गोष्टही सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग मी जत्रंत मैदानाच्या कडंला उभा राहून काय करू?" आम्ही त्याला उत्तर दिले नाही, कारण हा प्रश्न आम्ही स्वतःला अजून दर शिवजयंतीला विचारतो. पण त्याच्या तालमीच्या वस्तादांशी बोललो. लहान गटातल्या पोरांची मेहनत सांभाळायला त्यांना माणूस हवाच होता. सोमवारपासून तो पहाटे तालमीत जातो आहे. मातीत उतरत नाही. हौदाच्या कट्ट्यावर उभा राहून पोरांना पट कसा काढायचा ते सांगतो. गोळी रात्री नऊला घेतो आणि तपासणीची तारीख वडिलांनी उसाच्या नोंदीच्या स्लिपेमागेच लिहून ठेवली आहे.

कुणा सभासदाच्या घरी असा प्रश्न असेल तर संकोच न करता गट ऑफिसात यावे. ऊस लागणीच्या तारखेइतकेच आम्ही त्याबद्दलही मोकळेपणाने बोलू.

आपला,
ऊस विकास अधिकारी